साडूंचा एक नंबर फ्रीज

आमच्या थोरल्या साडूंच्या घरात आजवर एकही वस्तू बिघडलेली नाही. म्हणजे त्यांचं म्हणणं तसं आहे. छताचा पंखा काठीनं ढकलल्याशिवाय फिरत नाही, तर त्यांच्या मते त्याला सुरुवातीला नुसता आधार लागतो. स्कूटर उतारावरच चालू होते, म्हणून बाजारात गेल्यावर ते आधी चढ शोधतात आणि तिथंच ती लावतात. टीव्हीवर सगळी माणसं हिरवी दिसायला लागली तेव्हा मी न राहवून बोललो, तर म्हणाले, "पाव्हणं, डोळ्याला गार वाटतं. तुमच्या टीव्हीनं डोकं उठतं." अशा माणसाशी वाद घालायचा म्हणजे भिंतीवर डोकं आपटायचं. मी त्यांच्या शेजारीच राहतो आणि तरी रोज घालतो.

अशा या घरात फ्रीज आला. साडूंची एकुलती एक मुलगी मनीषा पुण्याला नोकरीला लागली आणि हातात पैसे आल्याबरोबर तिनं पहिलं काय केलं असेल, तर आईबापांना फ्रीज पाठवला. साडूंनी त्याची पूजा केली, गल्लीला पेढे वाटले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दार उघडून आतला दिवा दाखवायचा सपाटा लावला. दुकानदारानं बजावून सांगितलं होतं, यात बर्फ साचत नाही, खरवडायची कटकट नाही. उन्हाळाभर तसंच चाललं. मग पावसाळा लागला आणि वरच्या कप्प्यात मागच्या बाजूला बर्फाची पांढरी साय धरू लागली. ती इतकी वाढली, की मटारची पिशवी आत बसेना. खाली गार हवा पोचेना म्हणून दूध नासायला लागलं. आक्का, म्हणजे माझी थोरली मेव्हणी, मुकाट्यानं दुधाचं पातेलं आमच्याकडे आणून ठेवू लागली. साडूंना विचारलं तर उत्तर तयार! "बर्फ व्हनार न्हाई म्हणून सांगितलेलं. तरी देतोय. म्हणजे बोलीपेक्षा जास्तच काम करतोय की!"

मी मेकॅनिकचं नाव काढलं तेव्हा मात्र त्यांचा चेहरा पडला. मला ओट्यापाशी ओढून हळूच म्हणाले, "पोरीच्या कमाईची पहिली वस्तू हाय. त्यात खोट निघाली हे तिला कळलं, तर किती लागंल तिच्या मनाला? न्हाई, तिला कळू द्यायचं न्हाई." त्यामुळं मनीषाचा व्हिडिओ कॉल आला की हे फ्रीजपुढं छाती काढून उभे.

"आबा, फ्रीज कसा चाललाय?"

"एक नंबर!"

आणि लगेच फोन बंद. न जाणो, तिनं दार उघडून दाखवायला सांगितलं तर!

नागपंचमीला ती घरी येणार असं ठरलं, तसे साडू उलथनं घेऊन बर्फावर तुटून पडले. मी ते हिसकावून घेतलं. अहो, आतली नळी फुटली तर फ्रीज कायमचा गेला! शेवटी बटण बंद केलं, दारं सताड उघडी टाकली आणि आम्ही दोघं अख्खा दिवस फडक्यांनी पाणी टिपत बसलो. बर्फ वितळल्यावर आतलं पाणी जायचं भोक कोमट पाणी सोडून मोकळं केलं. फ्रीज लख्ख झाला. मला चहा पाजून साडू म्हणाले, "बिघडला नव्हताच. जरा दमला होता."

पंचमीच्या आदल्या दिवशी मनीषा आली, पण बर्फ तिच्या आधीच येऊन बसला होता. साडू फ्रीजपुढून हलेनात. तिनं हसत त्यांना बाजूला सारलं, दार उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिली. मग दाराच्या रबरावरून बोट फिरवत फिरवत एका जागी थांबली. या फ्रीजला बाहेरून मूठच नव्हती. म्हणून पूजेच्या दिवशी साडूंनी जाड काळ्या दोऱ्याची गाठ आतल्या जाळीला मारली होती आणि दोरा दारातून काढून बाहेर बिब्बा टांगला होता. दोऱ्यामुळं तिथं रबर नीट बसत नव्हतं आणि त्या फटीतून पावसाळी दमट हवा सारखी आत शिरत होती. मी तो बिब्बा रोज बघत होतो आणि दोरा कुठून आलाय हे एकदाही बघितलं नाही, धन्य माझी!

"आबा, हे कशाला?"

"तुझ्या कमाईला कुणाची नजर लागू नये म्हणून."

दोरा सोडता सोडता तिचा हात थांबला. "मग बर्फ साचतोय, हे मला कावून न्हाई सांगितलं?"

"तुला वाईट वाटलं असतं, बाई."

"आन् तुमी एक नंबर म्हणून फोन ठेवून देता, तवा मला काय वाटत असंल? मला वाटायचं, आबाला माझ्याशी बोलायचंच न्हाई."

साडूंनी पुढं होऊन दोऱ्याची उरलेली गाठ स्वतःच सोडली. मी उगाच फ्रीजचं बटण बंद करायला वाकलो.

बिब्बा आता शेजारच्या खिळ्याला असतो आणि वरच्या कप्प्यात बर्फाचा कण नाही. पण ज्या माणसानं जन्मात कशात खोट मानली नाही, तो हल्ली रोज मुलीकडे फ्रीजची तक्रार करतो. परवा संध्याकाळी मी विरजण मागायला गेलो, तर साडू फ्रीजला पाठ टेकून फोनवर बोलत बसले होते. "न्हाई गं, आज जरा घुर्र घुर्र करतोय. लई न्हाई, पर करतोय. हां, बघतो... आन् तू जेवलीस का? बोल की, मला कुठं जायचंय?" मला बघून त्यांनी गप्प राहायची खूण केली. मी विरजण न घेताच परत फिरलो. गल्लीतली लाईट दुपारपासून गेलेली होती.