दर सुईला एक चावा

आमची मैत्री दातांनी झाली. मी अकरा वर्षांची, ती बारा. दोघींना रक्ताचा कॅन्सर, दोघींचा चमनगोटा, आणि नागपूरच्या दवाखान्यात खाटेला खाट लागून. मी फुलचूरची, ती नागझिऱ्याच्या जंगलाकाठच्या गावातली. पाठीत सुई टोचायची वेळ आली की मला दोन सिस्टर दाबून धरायच्या. मी लाथा झाडायची. एकीचा तर चष्माच फोडला. त्या दिवशी ती खाटेवरून उतरली, आपला हात माझ्या तोंडापुढे धरला आणि म्हणाली, "चाव. बोंबलू नको."

मी चावले. तिच्या सुईच्या वेळी तिनं माझा दंड दातांत धरला. पुढे तसं ठरूनच गेलं, आणि दोघींपैकी कुणीच हातचं राखत नव्हतं.

शेवटच्या वेळी मी चावले तिथे काळंनिळं झालं आणि कोपरापर्यंत पसरलं. सिस्टरनं विचारलं तर ती म्हणाली, खाटेला आपटला. तिसऱ्या दिवशी तिच्या नाकातून रक्त सुरू झालं, ते थांबेचना. तिला खाटेसकट बाहेर नेलं. "गावी गेली," आई म्हणाली. तिच्या चपला तिथेच पडलेल्या होत्या. मोठी माणसं किती सहज थापा मारतात!

रक्त थांबवणाऱ्या पेशीच तिच्या अंगात उरल्या नव्हत्या, हे मला फार उशिरा समजलं. तेव्हा मला एकच पक्कं ठाऊक होतं, मीच तिला मारलं.

घरी आल्यावर मी जनावर झाले. भावाचं डोकं भिंतीवर आपटलं, आईच्या हातातलं ताट उडवलं, आरसा फोडला. पोरगी आजारी म्हणून कुणी एक थप्पडही मारली नाही. त्या लाडानं माझं डोकं आणखीच फिरायचं. मला मार हवा होता.

उन्हाळ्यात तिची आई आमच्या घरी आली, पिशवीभर पिकलेली टेंभरं, जंगलातली तेंदूची फळं, घेऊन. "तुले खाऊ घालीन म्हणे माझी पोरगी," ती म्हणाली. मी पिशवी हिसकावून भिंतीवर फेकली. पिवळा गर खाली ओघळला. माझी आई धावत आली. मी किंचाळले, "मी चावले होते तिला! मीच मारलं!"

आता ही मारणार, म्हणून मी गाल पुढे केला. तिच्या आईनं आपल्या बांगड्या वर सारल्या. मनगटापासून कोपरापर्यंत दातांचे वण होते.

"हे तिचेच. तू भेटाच्या आधीचे. मी मेली काय? तिले बिमारीनं नेलं वो पोरी. तुले कोणं सांगतलं, तू मारली म्हणून?"

"कुणीच नाही."

"मंग कायले मनात धरून राहिली?"

मला रडूही येईना. जबडा गच्च आवळला होता. तिनं ते पाहिलं आणि आपला हात माझ्या तोंडापुढे धरला, तिच्या पोरीनं धरला होता तसाच.

"चाव."

मी चावले. रक्ताची चव लागली तेव्हा कुठे मला रडू फुटलं. तिनंही हंबरडा फोडला, पण हात काढून घेतला नाही.