दत्तूकाकांनी आमच्या किचनला घातलेलं कुलूप

ज्या माणसाला मी माझ्या घरातून 'चालते व्हा' म्हणालो, तो आज सकाळी गेला.

दत्तूकाका. चाकणला आमच्या प्लँटमध्ये वायरमन. मी तिथला मेंटेनन्स इंजिनिअर, म्हणजे कागदावर त्यांचा साहेब.

तीन वर्षांपूर्वी रहाटणीत फ्लॅट घेतला. आईसाठी चार शेगड्यांचं इंडक्शन, खाली ओव्हन. ग्रॅनाइटच्या रंगावर महिनाभर खल केला. वीज कंपनीत फॉर्म भरून लोड वाढवून घेतला आणि वाटलं, झालं काम!

भिंतीतली वायर मात्र बिल्डरचीच. मिक्सर-फ्रिजपुरती.

वास्तुशांतीच्या आदल्या संध्याकाळी कनेक्शन करायला काकांना बोलावलं. सगळ्या शेगड्या एकदम लावल्या आणि एमसीबी पडली, किचनची वीज गेली.
पुन्हा लावल्या. पुन्हा पडली.

"मोठी एमसीबी टाका," मी म्हणालो. आणूनच ठेवली होती.

"न्हाई सायेब. ती पडतीय म्हणून वाचताय. मोठी टाकली तर ती पडायची न्हाई, वायर जळंल. मेनपासनं जाड लाइन ओढावी लागंल."

"उद्या चाळीस माणसं जेवायला आहेत, काका! आईला नव्या शेगडीवर दूध उतू घालवायचंय. लाइन परवा ओढा."

"ओट्याम्होरं आईच हुभ्या ऱ्हाणार ना?"

माझं डोकं फिरलं. स्क्रू ड्रायव्हर घेऊन मीच एमसीबीच्या बोर्डाकडे निघालो.

काकांनी किचनची लाइन बंद केली. बोर्डाच्या दाराला खिशातलं लाल कुलूप घातलं आणि चावी परत खिशात टाकली.

प्लँटमध्ये हाच नियम. धोक्याची लाइन बंद करून कुलूप घालायचं. ज्याचं कुलूप, त्यानंच काढायचं. नव्या पोरांना तो मीच शिकवतो, छाती फुगवून.

आदल्या दिवशीच आलेल्या पाहुण्यांदेखत ओरडलो, "चालते व्हा!"

"जातो. कुलूप ऱ्हाईल."

सकाळी सहाला काका दारात हजर. खांद्यावर नव्या वायरचं बंडल.

ते ओढत होते, मी पलीकडून वायर सरकवत होतो. नऊचा मुहूर्त, गुरुजी सारखे घड्याळ बघत होते.

जुनी वायर बाहेर आली. ओव्हनमागच्या ढिल्या जॉइंटला प्लास्टिक मऊ होऊन काळं पडलं होतं. नुसत्या ट्रायलमध्ये.

काकांनी ती गुंडाळून पिशवीत कोंबली. "आईंना सांगू नका."

नऊला दूध उतू गेलं. आईनं हात जोडले.

त्याच गडबडीत काका जिन्याकडे जाताना मला दिसले. 'जेवून जा' म्हणायला तोंड उघडलं नाही. अहंकार, दुसरं काय.

पुढे तीन वर्षं रोज शिफ्टला भेटलो. कामाचं बोललो. माफी तेवढी राहिली.

आज कासारवाडीला त्यांच्या घरी गेलो. काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमी रहाटणीचे सायेब ना? वास्तुशांतीला माफी मागून, हाताला धरून पंगतीत बसवलं तुमी ह्यांना. लई कौतुकानं सांगायचे."

मी मान हलवून 'हो' म्हणालो.

काका, भावपूर्ण श्रद्धांजली लिहायची माझी लायकी नाही.
चुकलो. माफ करा.