समोर बघणारे गणपती

"हात बघू."

नवा कैदी आला की जेलरसाहेब आधी एवढंच म्हणायचे. तळहात उलटापालटा करून बघायचे, बोटं चेपायचे आणि गुन्ह्याचं काही न विचारता सांगायचे, "तू सुतारकामात जा. तू मातीत." मला वाटलं, हे काय ज्योतिषी लागून गेलेत?

पेणला रामवाडीत आमचा गणपतींचा कारखाना. साहेब मूळचे रोह्याचे. एक दिवस दारात येऊन उभे. "वहिनी, आमच्या लोकांना मूर्ती करायला शिकवाल?"

"कैद्यांना? अंगावर काटा आला ओ ऐकूनच."

"येऊ द्या काटा. पण या."

गेले. तुम्हाला सांगते, त्या भिंतींच्या आत दुपारी इतकं शांत असतं, की शाडू मळल्याचासुद्धा आवाज येतो. उन्हाची एक पट्टी मूर्तींवरून हळूहळू सरकायची. ती बघता बघता ही माणसं कोण, इथं कशापायी आली, याचा मला विसरच पडायचा.

त्यांच्यात सुदाम होता, नागोठण्याकडचा. भांडणात त्याच्या हातून माणूस मेलेला. बायको सोडून गेलेली, गावात कोणी दारात उभं करणार नव्हतं. मी बोलून बसले, "डोळ्यांची आखणी जमली, तर सुटल्यावर माझ्याकडं कामाला ये." आखणी हे आमच्यातलं सगळ्यात अवघड काम. डोळे चुकले की मूर्ती गेलीच.

सुदामचा हात छान होता, पण त्याचे सगळे गणपती खाली बघायचे. आपण समोर हात जोडून उभे आणि देव आपला जमिनीकडं बघतोय. असा गणपती कोण घरी नेईल? मी वैतागले. "अरे, देवानं काय चोरी केलीय?" त्यानं मान आणखीच खाली घातली.

साहेबांच्या ते ध्यानात आलं. अधिकारी समोर आला की कैद्यानं मान खाली घालायची, ही तिथली सवय. कित्येक वर्षांत सुदामनं कुणाच्या डोळ्यांत बघितलंच नव्हतं. साहेबांनी टोपी काढून ठेवली आणि त्याच्यापुढं जमिनीवर मांडी घातली.

"माझ्याकडं बघ."

"नाय जमत, साहेब."

"मी हाय बसलेला. घाई नाय."

अशा कितीतरी दुपारी गेल्या. मी बाजूला माती मळायचे. एकदा सुदामनं मान वर केली आणि ढसाढसा रडला. साहेब जागचे हलले नाहीत. मलाच बाई पदर डोळ्यांना लावावा लागला. त्यानंतरचा त्याचा गणपती समोर बघत होता.

सुदाम सुटला तोवर साहेब निवृत्त होऊन रोह्याला गेले होते. तो माझ्या कारखान्यात लागला आणि रमला. साहेबांनी मात्र तिथं पाऊल टाकलं नाही. दरवर्षी मूर्ती न्यायला त्यांची बायको, आमच्या काकू, आत यायच्या, साहेब आपले कोपऱ्यावर गाडीत. एकदा मी भांडायलाच गेले.

"वहिनी, मी आत आलो की तो उठून उभा राहील, मान खाली घालील. कशाला उगाच?"

यंदा काकू एकट्याच आल्या. साहेब चैत्रात गेले.

सुदामनं मूर्ती उचलली, कोपऱ्यापर्यंत नेली आणि साहेब बसायचे त्या सीटवर नीट टेकवून ठेवली. गाडी गेली तरी तो रस्त्यातच उभा.

"ते इथं बसायचे, मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "एकदा त्यांनी मला बोलवायचं होतं, वहिनी. मी मान वर ठेवून आलो असतो."