टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि फाटकाची कडी

लातूरला क्लासच्या पोरांसाठी मी मेस चालवते. किती भाकरी, कुणाला भात नको, कुणाला लसूण चालत नाही... सगळं स्वयंपाकघरातल्या फळ्यावर लिहिलेलं असतं. काम झालं की खूण, खूण झाली की विषय संपला. भूतखेत, दृष्ट, अंगात येणं – असल्या गोष्टींना माझ्या दिवसात जागा नव्हती, आजही नाही. तरी लिहितेय, कारण या एका गोष्टीपुढे मला खूण करता आलेली नाही.

ऋतुजा, माझी मुलगी, तेव्हा बारावीला होती. तिचे वडील शिरूर अनंतपाळला शिक्षक, रोज बसनं येऊन-जाऊन. घरात चौथ्या माझ्या सासूबाई – आत्याबाई. डबे पोचवायला एक सेकंडहँड व्हॅन घेतली होती, ती मीच चालवायचे.

व्हॅनचं इंजिन ड्रायव्हरच्या सीटखाली असतं. इंजिनाच्या वरच्या झाकणाला, म्हणजे टॅपेट कव्हरला, गळती होती. ऑइल तापलेल्या सायलेन्सरच्या पायपावर ठिबकायचं आणि जळायचं. संध्याकाळी मी गल्लीत वळले की वास आधी घरी पोचायचा. पायरीवर बसलेल्या आत्याबाई उठून फाटकाची कडी काढायच्या, पाण्याचा तांब्या भरून ठेवायच्या आणि मगच जेवायला बसायच्या. मला वाटायचं, हे माझ्यासाठी.

पुढे डब्यांनाच तो वास लागायला लागला. पोरं कुरकुर करू लागली. मी दोनदा बोल्ट आवळून पाहिले, फरक नाही. शेवटी रशीदभाईंच्या गॅरेजला गाडी लावली. त्यांनी कव्हर उघडलं तर आतलं रबरी पॅकिंग कडक होऊन काकणासारखं तुटत होतं. जुने तुकडे खरवडून काढले, जागा पुसून कोरडी केली, नवं पॅकिंग बसवलं, मधले बोल्ट आधी आणि कडेचे नंतर, बेताबेतानं आवळले. गळती बंद. मी फळ्यावर खूण केली.

त्या संध्याकाळी फाटकाची कडी तशीच होती. मी उतरून काढली. आत्याबाई जेवल्या नाहीत. भूक न्हाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवडाभरात चेहरा उतरला. डॉक्टरांना दाखवलं, तपासण्या केल्या, काही निघालं नाही. ताट समोर ठेवलं की कडेनं एखादा घास मोडायच्या आणि फाटकाकडे बघत बसायच्या.

एकदा मीच वैतागून विचारलं, तुम्हाला नेमकं हवंय तरी काय?

"वास येईना गं," त्या म्हणाल्या. "त्यांच्या जीपला असाच वास होता."

माझे सासरे – मामा – किल्लारी पट्ट्यातल्या आमच्या गावाहून लातूरला जीपनं सवाऱ्या आणायचे. ऋतुजाच्या वेळी माझ्या बाळंतपणाला आत्याबाई लातूरला आल्या, ते गावी राहिले. गणपती बोळवून नातीला बघायला येतो, असा निरोप होता. गणपती बोळवले, आणि लगेच पुढच्या पहाटे भूकंप झाला. जीप अंगणात होती म्हणून वाचली. मामा घरात होते.

"मला कळतंय ते गेले म्हणून," आत्याबाई म्हणाल्या. "पण पोरीला बघायचं राहिलंय त्यांचं. मी वाट बघून राहिले."

मी काय करणार? परत रशीदभाईंकडे गेले. एखादा बोल्ट सैल करा म्हटलं.

ते बघतच राहिले. "भाभी, लोक गळती बंद कराया येतात. तुम्ही पहिल्याच, जी चालू कराया आल्या."

कारण सांगितल्यावर हसले नाहीत. गळती मी करणार न्हाई म्हणाले, पण काळं जळकं ऑइल एका बाटलीत भरून दिलं. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी थांबून मी सीट उचलली आणि थोडं त्या पायपावर ओतलं. धूर, वास, सगळं अगदी पहिल्यासारखं.

आत्याबाई पायरीवरून हलल्या नाहीत.

"वास आला," त्या म्हणाल्या. "ते न्हाई आले."

बाटली मी फेकून दिली. त्या रात्री फार थकल्यासारखं वाटलं... एवढ्या पोरांची पोटं भरते, घरातलं एक माणूस समोर उपाशी.

पुढच्या रविवारी ऋतुजाची नांदेडच्या एका क्लासमध्ये टेस्ट होती. हे तिला व्हॅननं घेऊन गेले, मुक्कामाला तिथंच पाहुण्यांकडे. डबे मी रिक्षानं पाठवले. दिवेलागणीला गॅसच्या शेगडीपुढे बसून भाकरी थापत होते. गल्लीत गाडी नव्हती, आवाजही नव्हता. आणि जळक्या ऑइलचा वास आला... भाकरीच्या वासावर चढणारा. मी तवा उतरवून आधी गॅसची नळी तपासली. मग बाहेर बघितलं.

कडी काढलेली होती. पायरीवर तांब्या. आत्याबाई फाटकाशी उभ्या होत्या. थोड्या वेळानं आत आल्या आणि पाटावर बसल्या.

"वाढ. पोरगी नांदेडला गेलीय, उद्या या म्हणलं त्यांना."

दीड भाकरी खाल्ली त्यांनी.

दुसऱ्या दिवशी दुपारीच ऋतुजा परतली. व्हॅन अंगणात उभी, तेव्हापासून बंद. दिवेलागणीला आत्याबाईंनी तिला पायरीवर शेजारी बसवलं, केसांना तेल लावून वेणी घातली. मी डबे भरत होते.

"आई, गाडी परत गळायला लागली का गं?" ऋतुजानं बाहेरून विचारलं.

वास मलाही येत होता. मी जाऊन सीट उचलली, कव्हरभोवती पांढरं फडकं फिरवलं. इंजिन गार, फडकं स्वच्छ. वळून पाहिलं तर आत्याबाईंनी ऋतुजाची हनुवटी धरून तिचं तोंड फाटकाकडे केलं होतं – बाळाला पाहुण्यांपुढे धरतात तसं. पोरगी हसत होती.

त्यानंतर तो वास कधी आला नाही. आत्याबाई वेळेवर जेवायला लागल्या. पुढं चार वर्षं जगल्या, फाटकाकडे पाठ करून बसायच्या.

शेजारी कुणाची गाडी असेल, हवेनं वास आला असेल – हे सगळं मी मनाशी मांडून पाहिलंय. पण ऋतुजा परतली त्याच्या दुसऱ्या सकाळी झाडायला गेले, तेव्हा फाटकाबाहेरच्या फरशीवर ऑइलचा ताजा डाग होता. आमची व्हॅन आदल्या दुपारपासून आत अंगणातच उभी होती. साबण लावून घासला, साध्या डागासारखाच निघाला. एवढंच मला माहीत आहे. पुढचं नाही.