टकटक मंदावली की
पेट्रोलचा वास आला की उद्यमनगरातलं ते स्पेअर पार्टचं दुकान आठवतं. दवाखान्यातून परतताना दादानं हट्टानं मला गाडी तिकडं वळवायला लावली. त्याच्या शर्यतीच्या जीपला टाकीतलं पेट्रोल ओढणारा इलेक्ट्रिक पंप घ्यायचा होता. दुकानदारानं जादा दाबाचा, भारीतला पुढं केला. "कार्बोरेटर हाय, मालक, एवढ्या दाबानं पेट्रोल उतू जाईल की," म्हणत दादानं साधा, टकटक वाजणारा निवडला. "न्या पावणं, धा वर्सं बघाय नको," दुकानदार म्हणाला. डॉक्टरांनी तासापूर्वीच दादाला दिवाळीपर्यंतची मुदत सांगितली होती. दादा हसला, "मग ह्योच द्या." पंप बसवून मला म्हणाला, "तायडे, किल्ली फिरवून थांब. कार्बोरेटर भरला की टकटक मंदावती, मगच स्टार्टर मार." जीप आता मीच चालवते. पण ती टकटक मंदावायला लागली की माझ्यानं पुढं ऐकत थांबवत नाही. आधीच स्टार्टर मारते.