आमच्या घरचा कंप्युटर चालू ठेवताना

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. घरात नवी वस्तू आणा अन् ती बंद पडू द्या, आठ दिवसांत किश्शांची कणगी भरते! आमची कंप्युटरने भरली.

मी चौथी शिकलेलो. आसेगावात माझी शेती. माझी सून प्रतिभा हिची नागपूरच्या एका ऑफिसात घरबसल्या नोकरीची बोलणी चालली होती. सोमवारी अकराला स्क्रीनवर मुलाखत. अट एकच, घरी स्वतःचा चालू कंप्युटर पाहिजे. मी कारंज्याहून नवाकोरा आणला. तो चालू ठेवणं माझं काम!

*

पहिल्या दिवशी बटण दाबलं. डब्यात दिवा लागला, पंखा फिरला, स्क्रीन काळीच. दुकानदाराला फोन लावला.

"काकाजी, मॉनिटरचं बटण दाबलं काय?"

"त्याले अलग बटण कायले?"

"अलग मशीन हाय ना ते."

दाबलं. उजेड पडला! मी त्याला सुनावलं, "बैल दोन असले तरी हाक एकच लागते. पुढच्या वेळी तसं मशीन बनवजा!"

*

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी स्क्रीनवर इंग्रजी ओळी. डिस्क तपासून राह्यला म्हणे. अर्धा अर्धा तास!

प्रतिभाने विचारलं, "मामाजी, काल बंद कसा केला?"

"मेन पाडला." शेतात निघताना मी मेन स्विच पाडतोच.

"आधी शटडाउन करा लागते. असं केलं तर डिस्क खराब होते."

"विहिरीवरची मोटर मी वीस वर्षं अशीच बंद करतो. तिनं एकदाही इंग्रजीत तक्रार नाही केली!"

पण मुलाखत तिची होती. तेव्हापासून मेनला हात लावला नाही.

*

गुरुवारी चालता चालता आपोआप बंद. हात लावला तर डबा तव्यासारखा! माझ्या बायकोने, कौसाने, धूळ लागू नये म्हणून त्याला गोधडीची खोळ शिवली होती. मागून हवा जायची जागासुद्धा बंद!

मी विचारलं, "त्याले काय हिव भरलं हाय?"

कौसा म्हणाली, "एवढा महागाचा आणला. उघडा ठेवू काय?"

*

शनिवारी तर कंप्युटर सुरूच होईना. प्रतिभाने स्क्रीन वाचली. "मामाजी, चालू कराले त्याले डिस्कच सापडून नाही राह्यली!" तिचा चेहरा उतरला.

शेजारचा नामदेव धावत आला. "फसवलं तुमाले! चला कारंज्याले, भांडू!"

मी पायात चपला घातल्या. नामदेवने एसटीची वेळ सांगितली. तेवढ्यात कौसा म्हणाली, "भाऊजी, तुमच्या पोराच्या लग्नाचा पेन ड्राइव्ह कालपासून यातच खुपसून हाय. नेता काय?"

काढला. कंप्युटर सुरू! आपली डिस्क सोडून तो त्या पेन ड्राइव्हमध्येच शोधत बसला होता.

नामदेव हळहळला. "भांडाचं राह्यलंच मंग."

*

सोमवार. साडेदहा. प्रतिभा नवी साडी नेसून खुर्चीवर बसली, अन् कंप्युटर जागच्या जागी थिजला! पुन्हा चालू केला. पुन्हा डिस्क नाही!

दुकानदार फोनवर म्हणाला, "डिस्कची वायर ढिली असन. सगळं बंद करा, डबा उघडा अन् हलकेच दाबा."

हलकेच मला जमत नाही. वायर दाबली तशी तिला धरून ठेवणारी खुट्टी तुटली. बोटाने दाबून धरली की डिस्क दिसायची, सोडली की गेली. अकराला पाच कमी!

"तू बस," मी प्रतिभाला म्हणालो, अन् टेबलाखाली शिरलो.

मुलाखत सुरू झाली. प्रतिभा फडाफडा उत्तरं देत होती. वीस मिनिटं झाली. बोट बधिर झालं, पाठ धरली. मला खोकला आला.

स्क्रीनवरच्या मॅडम थांबल्या. "कोण आहे तिथे?"

प्रतिभा म्हणाली, "माझे सासरे आहेत, मॅडम. टेबलाखाली."

"टेबलाखाली? त्यांना बाहेर यायला सांगा."

मी खालूनच ओरडलो, "येता येत नाही, मॅडम! मी बोट काढलं की तुमी जासान!"

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग काढू नका. पगाराचं बोलायचं राहिलं आहे."