लांबचा किनारा

रविवारी आईला समुद्रावर न्यायचं ठरलं, पण घरात भाट्याचं नाव कुणी काढेना. रत्नागिरीतून तोच किनारा सगळ्यात जवळ. बाबांच्या अस्थी गेल्या वर्षी तिथेच सोडल्या होत्या. "तिथे फार गर्दी असते," दादा म्हणाला. मीही मान डोलावली आणि गाडी आरे-वारेला वळवली.

आभाळ भरून आलं होतं, पाणी राखेसारखं करडं. माणूस आठवणीपासून किती लांब जाऊ शकतो, याचा मी उगाच हिशेब करत बसलो.

आईने डबा उघडला. पहिली नारळाची वडी, बाबांच्या आवडीची, तिने ओल्या वाळूवर ठेवली. लाट आली आणि वडी घेऊन गेली.

"इथूनही पोचेल त्यांना," आई म्हणाली. "उगाच एवढं पेट्रोल जाळलंत."